चोर सोडून बॉयलरला फाशी

ऑक्टोबर लागला, रेडिएटर चालू करायची वेळ आली, की ब्रिटनमधल्या मराठी घरांत एक सल्ला फुकट वाटला जातो. शनिवारच्या मराठी शाळेबाहेर पोरांची वाट बघताना, मंडळाच्या कोजागिरीला मसाला दुधाच्या रांगेत, कुठेही. "पाणी तापत नाही? हीटिंग लागत नाही? बॉयलर किती वर्षांचा आहे? बारा? मग डोकं लावू नकोस, नवा घे. कॉम्बी घे, सिलिंडर काढून टाक, वर एक स्मार्ट थर्मोस्टॅट लाव. सुटलास." सल्ला देणारा माणूस भला असतो. त्याने स्वतः तसंच केलेलं असतं, दोन-तीन हजार पौंड मोजलेले असतात, आणि ते वाया गेले असं मनात आणणं कुणालाच परवडत नाही.

या सल्ल्याशी माझं भांडण आहे. तो महागात पडतो हे आहेच, पण मुख्य तक्रार अशी की तो निदानाच्या आधी निकाल देतो. सिलिंडर असलेल्या घरात गरम पाणी आणि हीटिंग यांपैकी एकच गोष्ट बंद पडली असेल आणि दुसरी नीट चालू असेल, तर बॉयलरवर संशय घ्यायला जागाच उरत नाही. तो पेटतोय, पाणी तापवतोय, पंप ते फिरवतोय. दोष असलाच तर त्याला हुकूम देणाऱ्या साखळीत आहे, आणि त्या साखळीतला सगळ्यात जास्त मार खाणारा भाग वीस-पंचवीस पौंडांना मिळतो.

आपण या सल्ल्याला इतक्या सहज मान का डोलावतो? पुण्या-ठाण्याच्या घरात गीझर म्हणजे एकच डबा. कॉइल त्यातच, थर्मोस्टॅट त्यातच, कटआउटही त्यातच. पाणी तापलं नाही तर भिंतीवरचा स्विच बघायचा, आणि तो ठीक असेल तर बिघाड त्या डब्यातच. ती समजूत घेऊन आपण हीथ्रोला उतरतो. इथल्या घरात, विशेषतः कॉम्बी (सिलिंडरशिवाय, नळ उघडताच पाणी तापवणारा बॉयलर) नसलेल्या घरात, पाणी तापवणारा एक आणि ते कधी तापवायचं, कुठे पाठवायचं हे ठरवणारे भलतेच. बॉयलर स्वयंपाकघरात असतो. गरम पाण्याचा तांब्याचा सिलिंडर वरच्या मजल्यावर एअरिंग कपबर्डमध्ये. वेळा ठरवणारा प्रोग्रॅमर कुठेतरी भिंतीवर, खोलीचा थर्मोस्टॅट हॉलमध्ये, सिलिंडरचा थर्मोस्टॅट सिलिंडरच्या पोटाला पट्ट्याने बांधलेला, खालून साधारण एक-तृतीयांश उंचीवर. आणि टॉवेलांच्या मागे, धुळीत, पाइपवर बसलेला एक चंदेरी डबीचा मोटराइज्ड व्हॉल्व्ह, ज्याच्याकडे घर विकत घेतल्यापासून कुणी पाहिलेलं नसतं. बॉयलरला यातलं काही ठाऊक नसतं. त्याच्या एका टर्मिनलला वीज आली की तो पेटतो, गेली की विझतो.

ही वीज त्याच्यापर्यंत पोचते कशी, इथे जरा थांबतो, कारण सगळा वाद इथेच मिटतो.

एस-प्लॅन आणि वाय-प्लॅन ही नावं हनीवेलने रूढ केली, आता सगळा धंदाच ती वापरतो. एस-प्लॅनमध्ये दोन व्हॉल्व्ह असतात, एक सिलिंडरच्या वाटेवर आणि एक रेडिएटरच्या. हीटिंगची वेळ झाली, प्रोग्रॅमरने वीज सोडली, खोलीच्या थर्मोस्टॅटने खोली गार आहे म्हणून ती पुढे जाऊ दिली, तरी ती बॉयलरकडे जात नाही. ती जाते तपकिरी तारेतून व्हॉल्व्हच्या इवल्याशा मोटरकडे. मोटर स्प्रिंगच्या विरुद्ध जोर लावून व्हॉल्व्ह उघडते. तो उघडला की आतला मायक्रोस्विच दाबला जातो, करड्या तारेवर कायम असलेली वीज नारिंगी तारेत येते, आणि ती नारिंगी तार बॉयलरला आणि पंपाला जागं करते. बॉयलरला हुकूम मिळतो तो साखळीच्या अगदी शेवटच्या कडीतून. मधली कुठलीही कडी तुटली तर तो गप्प बसतो, आणि त्याने गप्पच बसायला हवं. व्हॉल्व्ह बंद असताना तो पेटला असता तर तापलेलं पाणी जाणार कुठे?

वाय-प्लॅन जास्त चतुर आहे, म्हणून जास्त बदनाम. त्यात तीन तोंडांचा एकच व्हॉल्व्ह. वीज नसताना स्प्रिंग त्याला सिलिंडरच्या बाजूला धरून ठेवते. फक्त गरम पाणी हवं असेल तर हा व्हॉल्व्ह जागचा हलतच नाही. सिलिंडरचा थर्मोस्टॅट थेट बॉयलरला आणि पंपाला वीज देतो. हीटिंगही हवं झालं की पांढऱ्या तारेत वीज येते, मोटर व्हॉल्व्हला मध्यावर आणते आणि पाणी दोन्हीकडे जाऊ लागतं. पण नुसतंच हीटिंग हवं असेल तर करड्या तारेतही वीज यावी लागते. सिलिंडर पुरेसा तापला आहे, किंवा प्रोग्रॅमरवर गरम पाणी बंद ठेवलं आहे, असा निरोप ती करडी तार आणते. मग व्हॉल्व्ह दुसऱ्या टोकाला जातो, आणि तिथे पोचल्यावरच नारिंगी तारेत वीज येते. 'नको' सांगायला एक वेगळी तार ठेवण्याची ही कल्पना मला आजही सुरेख वाटते. पुष्कळ फिटरांची गाडी मात्र इथेच अडते.

आता यावरून काय निघतं ते पाहा. वाय-प्लॅनच्या व्हॉल्व्हची मोटर जळाली तर गरम पाण्याला काहीच होत नाही, कारण त्या कामात मोटर लागतच नाही. बंद पडतं ते फक्त हीटिंग. नुसतं हीटिंग लावलं तर बॉयलर पेटणारही नाही. गरम पाण्याबरोबर लावलं तर बॉयलर जोरात पेटेल, सिलिंडर तापेल आणि रेडिएटर थंडगार राहतील. एस-प्लॅनमध्ये एका व्हॉल्व्हची मोटर गेली तर तेवढीच बाजू मरते, दुसरी ठणठणीत. यातल्या प्रत्येक प्रसंगात बॉयलर निर्दोष आहे हे घरातल्या घरात, स्क्रू-ड्रायव्हर हातात न घेता सिद्ध होतं. आणि यातल्या प्रत्येक प्रसंगात नव्या बॉयलरचं कोटेशन दिलं जाताना मी पाहिलेलं आहे.

रेडिंगमधल्या एका स्नेह्यांची गोष्ट अशीच. नळाला कढत पाणी, रेडिएटर बर्फ. आलेल्या फिटरने बॉयलरकडे बघून "वय झालंय" म्हटलं, वरच्या मजल्यावर पाऊलही न ठेवता नव्या बॉयलरचा आकडा सांगितला आणि निघून गेला. त्या घरात गावाहून आलेले सत्तरीचे आई-बाबा होते, सहा महिन्यांच्या व्हिसावर, दिवसभर घरात. थंडीच्या धाकाने स्नेही सही करायच्या बेतात होते. दुसऱ्या दिवशी आलेल्या इलेक्ट्रिशियनने एअरिंग कपबर्ड उघडलं, टॉवेल बाजूला केले, व्हॉल्व्हवर हात ठेवला, मीटर लावलं आणि मोटर बदलली. बहुतेक व्हॉल्व्हची मोटर बदलताना पाण्याचा एक थेंबही काढावा लागत नाही. तो बॉयलर अजून चालू आहे. चोर सोडून संन्याशाला फाशी देण्याची तयारी मात्र पूर्ण झाली होती.

इथे प्रतिपक्ष म्हणतो, ठीक आहे, पण सामान्य माणसाला हे कळणार कसं? कळतं. प्रोग्रॅमरवर दोन बटणं आहेत, एक गरम पाण्याचं आणि एक हीटिंगचं. आधी दोन्ही बंद करा आणि थोडं थांबा. मग गरम पाणी बंदच ठेवून फक्त हीटिंग चालू करा आणि खोलीचा थर्मोस्टॅट टोकाला नेऊन ठेवा. थर्मोस्टॅट जुना असेल तर टिक् असा आवाज येईल. एअरिंग कपबर्डमध्ये व्हॉल्व्हची हलकी घरघर ऐकू येते का? ती थांबल्यावर बॉयलर पेटतो का? दहा-पंधरा मिनिटांनी रेडिएटर कोमट होतात का? मग उलट करा: हीटिंग बंद, फक्त गरम पाणी. या वेळी रेडिएटर तापायला लागले तर व्हॉल्व्ह अडकला आहे किंवा गळतो आहे. उन्हाळ्यात जिन्याखालचा रेडिएटर उगाच गरम लागतो त्याचंही कारण बहुधा हेच. दोन्ही बंद करूनही बॉयलर पेटलेलाच राहिला, तर एखादा मायक्रोस्विच चिकटून बसलाय. (बंद केल्यावर काही मिनिटं पंप फिरत राहणं मात्र दोष नाही. उरलेली उष्णता काढून घेण्यासाठी तशी योजनाच असते. गॅरेजमधला बॉयलर कडाक्याच्या रात्री आपोआप पेटणं हाही दोष नाही, ते पाइप गोठू नयेत म्हणून लावलेल्या फ्रॉस्ट थर्मोस्टॅटचं काम आहे. या दोन गोष्टींसाठी फिटर बोलावून फी भरणारे लोक मला माहीत आहेत.)

व्हॉल्व्हच्या डबीवर एक छोटा दांडा असतो. व्हॉल्व्ह बंद असताना तो हलवायला जोर लागतो, स्प्रिंगचा विरोध जाणवतो. मोटरने व्हॉल्व्ह आधीच उघडलेला असेल तर दांडा सैल, लटपटता लागतो. हीटिंगची हाक गेलेली असताना दांडा ताठच लागला, तर एकतर मोटर मेली आहे किंवा तिच्यापर्यंत वीज आलेली नाही. शंका उरली दोनच ठिकाणांची, आणि ती बोटाने कळली. दांडा हाताने सरकवून व्हॉल्व्ह उघडता येतो, पण एस-प्लॅनच्या नेहमीच्या व्हॉल्व्हमध्ये त्याने मायक्रोस्विच दाबला जात नाही. त्यामुळे "दांडा सरकवला तरी बॉयलर पेटत नाही, म्हणजे बॉयलरच गेला" हा निष्कर्ष चुकीचा आहे, आणि तो धंद्यातली माणसंही काढतात.

प्रतिपक्षाचा दुसरा मुद्दा मोठ्या आवाजात येतो: हे सगळं बेकायदेशीर आहे, गॅस सेफ माणसाशिवाय हात लावायचा नाही. अर्धा मुद्दा बरोबर आहे आणि त्या अर्ध्याबद्दल मी त्यांच्याहून कडक आहे. १९९८ च्या गॅस सुरक्षा नियमांनुसार गॅसचं काम सक्षम माणसानेच करायचं, आणि तो धंदा म्हणून करणारा नोंदणीकृत असायलाच हवा. ती नोंदणी २००९ च्या एप्रिलपासून गॅस सेफ रजिस्टरकडे आहे. त्याआधी कॉर्गीकडे होती. बॉयलरचं झाकण पुष्कळदा ज्वलनकक्षाच्या सीलचाच भाग असतं. ते घरमालकाने उघडायचं नाही, मग आत धूळ साचली असेल की कोळी राहत असेल. चुकीचं बसलेलं झाकण कार्बन मोनॉक्साइड घरात सोडू शकतं, आणि त्या वायूला ना रंग ना वास. गॅसचा वास आला तर खिडक्या उघडा, गॅस मीटरपाशी बंद करा, कुठल्याही स्विचला हात लावू नका आणि ०८०० १११ ९९९ ला फोन करा. त्यावर वाद नाही.

पण थर्मोस्टॅट, प्रोग्रॅमर, व्हॉल्व्हची मोटर ही गॅसची कामं नव्हेत, विजेची आहेत. गॅस सेफ कार्डाच्या मागच्या बाजूला तो माणूस कुठल्या उपकरणांसाठी पात्र आहे ते लिहिलेलं असतं. बहुतेक लोक ती बाजू कधी बघतच नाहीत. वाय-प्लॅनच्या करड्या तारेची त्याला समज आहे का, हे मात्र कुठल्याच बाजूला लिहिलेलं नसतं. बॉयलर बसवणारे उत्तम कारागीर मी पाहिले आहेत, ज्यांच्या तांब्याच्या जोडणीवरून नजर हटत नाही, आणि सगळ्या तारा जिथे जोडल्या जातात त्या वायरिंग सेंटरचं झाकण निघालं की जे घामाघूम होतात. ज्याला तारांची भीती वाटते तो बॉयलर बदलायला सांगतो, कारण ते त्याला येतं. यात लबाडी असेलच असं नाही. पण भरायचं बिल आपलं आहे.

याच ठिकाणी, व्हिडिओ बघून झाकणं उघडणाऱ्या आपल्या हौशी अभियंत्यांनाही दोन शब्द. प्रोग्रॅमर बंद केला म्हणजे व्हॉल्व्ह निर्जीव झाला असं समजू नका. एस-प्लॅनमधली करडी तार चोवीस तास जिवंत असते, २३० व्होल्टला. सगळ्या यंत्रणेचा एक फ्यूज्ड स्पर असतो, त्यात तीन अँपिअरचा फ्यूज. तो बंद करून, फ्यूज काढून, खात्रीच्या टेस्टरने तपासल्याशिवाय कुठल्याही डबीचं झाकण निघता कामा नये. सिलिंडरमधल्या विजेच्या कॉइलचा, म्हणजे इमर्शन हीटरचा, फीड वेगळा येतो, त्यामुळे स्पर बंद केल्यावरही सिलिंडरजवळची एक केबल जिवंत असू शकते. २००४ च्या आधीच्या घरांत लाल-काळ्या तारा, नंतर तपकिरी-निळ्या, आणि डागडुजी झालेल्या घरांत दोन्ही एकाच डबीत. हे वाचून पोटात गोळा आला असेल तर ते आरोग्याचं लक्षण आहे. निदान तुम्ही करा, झाकण इलेक्ट्रिशियन उघडेल.

आता कॉम्बी. सल्ल्यातला हा सगळ्यात गोड भाग: सिलिंडर गेला, व्हॉल्व्ह गेले, कटकट गेली. व्हॉल्व्ह कुठेही गेलेले नसतात. कॉम्बीच्या पोटात एक डायव्हर्टर व्हॉल्व्ह असतो आणि तो तेच काम करतो, पाणी रेडिएटरकडे की नळाच्या बाजूला. तो अडकला की लक्षणंही तीच दिसतात. नळ उघडला की रेडिएटर तापायला लागतात, किंवा रेडिएटर गरम आणि नळ थंड. फरक एवढाच की आता तो तुमच्या टॉवेलांमागे नाही, ज्या झाकणाला हात लावायची बंदी आहे त्याच्या आत आहे. पंचवीस पौंडांची तक्रार तुम्ही स्वखुशीने कुलपात घातलीत.

शिवाय पाण्याचा हिशेब. २४ किलोवॉटचा कॉम्बी पाण्याचं तापमान ३५ अंशांनी वाढवताना मिनिटाला दहा लिटरच्या जरा आतच पाणी देतो. जानेवारीत बाहेरून येणारं पाणी पाच-सहा अंशांचं असतं, म्हणजे शॉवरला चाळीस अंश, आणि तेही एकाच शॉवरला. घरात चार माणसं, दोन बाथरूम, सकाळी शाळा-ऑफिसची घाई, त्यात बाबांना बादलीभर पाण्याने अंघोळ केल्याशिवाय अंघोळ झाल्यासारखी वाटत नाही. अशा घराने सिलिंडर काढण्याआधी दहादा विचार करावा. लंडन आणि आग्नेय इंग्लंडचं पाणी कडक आहे, केटलीत पांढरा थर दिसतो तोच कॉम्बीच्या प्लेट हीट एक्स्चेंजरमध्ये बसतो आणि मग नळाचं पाणी गरम-थंड-गरम असं लहरी होतं. स्कॉटलंड किंवा मँचेस्टरकडे पाणी मृदू, तिथे ही तक्रार कमी. आणि सिलिंडरबरोबर जातो तो इमर्शन हीटर, तीन किलोवॉटचा. बॉयलर खरोखर बंद पडला तर विजेवर का होईना, महाग का होईना, पण त्या रात्री लहान बाळाला गरम पाणी मिळतं. छोटा फ्लॅट, दोन माणसं, सिलिंडरला जागा नाही, अशा ठिकाणी कॉम्बी योग्यच आहे. कंट्रोलमधल्या बिघाडावर उपाय म्हणून तो अयोग्य आहे.

स्मार्ट थर्मोस्टॅटबद्दल थोडक्यात. तो फोनवर सुंदर आलेख दाखवतो. मेलेल्या मोटरला तो हलवू शकत नाही. उलट घाईने बसवलेला स्मार्ट प्रोग्रॅमर नवाच आजार लावतो. वाय-प्लॅनच्या घरात जुन्या प्रोग्रॅमरच्या 'गरम पाणी बंद' या टर्मिनलवरची तार नव्या यंत्राला जोडायची राहून जाते. मग करड्या तारेला तो नकाराचा निरोप मिळतच नाही. घरातल्यांना दिसतं ते असं: गरम पाणी वेळापत्रकात चालू असेल तेव्हा हीटिंग नीट लागतं, गरम पाणी बंद केलं की हीटिंगही मरतं. हे लक्षण इतकं स्पष्ट आहे की फोनवर ऐकून निदान व्हावं. तरीही एका घरात त्यासाठी बॉयलरचं सर्किट बोर्ड बदलल्याचं मी पाहिलं. अर्थातच फरक पडला नाही, पण बिल लागलं.

प्रतिपक्षाचा सगळ्यात मजबूत मुद्दा मी मुद्दाम शेवटी ठेवला: कार्यक्षमता. जुना, कंडेन्सिंग नसलेला बॉयलर गॅसमधली बरीच उष्णता धुराड्यातून वाया घालवतो. २००५ पासून इंग्लंड-वेल्समध्ये नवा बॉयलर कंडेन्सिंग असावा असा दंडक आला तो याचसाठी. मान्य. बॉयलर खरंच त्याआधीचा असेल तर तो बदलण्याचा हिशेब शांतपणे, उन्हाळ्यात, तीन कोटेशनं मागवून करावा. पण मग कारण तेच सांगा. "तुमचा बॉयलर गॅस जास्त खातो" आणि "तुमचा बॉयलर बिघडला आहे" ही दोन वेगळी विधानं आहेत, आणि पहिलं सिद्ध करून दुसऱ्याचे पैसे घेता येत नाहीत. शिवाय कंडेन्सिंगचा फायदा बॉयलरकडे परत येणारं पाणी साधारण ५५ अंशांच्या खाली असेल तरच मिळतो. नवा बॉयलर बसवून त्याचं तापमान ७५-८० वर ठेवून निघून जाणारे फिटर काही कमी नाहीत. अशा घरात बॉयलर कंडेन्सिंग, बिल मात्र जुन्यासारखंच. कॉम्बी असेल तर हीटिंगच्या पाण्याचं तापमान साठच्या आसपास आणून बघा, फुकट आहे. सिलिंडर असेल तर मात्र फार खाली जाऊ नका, कारण साठवलेलं पाणी ६० अंशांपर्यंत तापलं पाहिजे. २० ते ४५ अंशांच्या कोमट पाण्यात लिजिओनेला जिवाणू वाढतात.

आणि या युक्तिवादाला आणखी एक भोक आहे. नवा बॉयलर घेतला पण सिलिंडर तसाच ठेवला, तर जुने व्हॉल्व्ह, जुना सिलिंडर-थर्मोस्टॅट, जुनं वायरिंग सेंटर बहुतेक वेळा तिथेच राहतं. चोर घरातच. उद्या सरकारी अनुदानावर हीट पंप आला तरी घरात सिलिंडर असणार, त्याला थर्मोस्टॅट असणार आणि पाणी इकडे की तिकडे हे ठरवणारा मोटराइज्ड व्हॉल्व्ह असणारच.

बॉयलर कधीच दोषी नसतो असं माझं म्हणणं नाही. गरम पाणी आणि हीटिंग दोन्ही एकदम गेलं, तर संशय त्याच्याकडे वळवणं रास्त आहे. तेव्हाही आधी स्परचा फ्यूज बघा. बंद यंत्रणेत दाबाचा काटा बघा, थंड असताना तो एक ते दीड बारच्या दरम्यान हवा. बाहेर पारा शून्याखाली असेल आणि बॉयलर गुळगुळ आवाज करून बंद पडत असेल, तर भिंतीबाहेरचा कंडेन्सेटचा प्लास्टिक पाइप गोठला असण्याची शक्यता मोठी. डिसेंबर २०१० च्या कडाक्यात देशभर बॉयलर याच कारणाने बंद पडले होते, आणि औषध होतं कोमट पाण्याची झारी. उन्हाळाभर न फिरलेला पंप ऑक्टोबरात अडकून बसतो, तोही बॉयलर नव्हे. एवढं सगळं पाहून झाल्यावर हीट एक्स्चेंजर फुटलेला निघाला, किंवा सुटे भाग मिळेनासे झाले, तर खुशाल नवा घ्या. तो निकाल पुराव्यावर दिलेला असेल.

भाड्याच्या घरातल्या विद्यार्थ्यांनी आणि नव्या जोडप्यांनी यातलं काहीच दुरुस्त करायचं नाही. इंग्लंडमध्ये १९८५ च्या घरमालक-भाडेकरू कायद्यानुसार हीटिंग आणि गरम पाण्याची यंत्रणा चालू ठेवणं ही घरमालकाची जबाबदारी आहे. पण त्याला "बॉयलर बिघडलाय" एवढंच लिहू नका. "फक्त हीटिंग लावलं तर बॉयलर पेटत नाही, फक्त गरम पाणी लावलं तर पेटतो, व्हॉल्व्हचा आवाज येत नाही" असं लिहा. येणारा माणूस योग्य भाग पिशवीत घालून येईल, आणि थंडीतली त्याची एक खेप वाचेल.

बाकीच्यांना एक विनंती. पुढच्या वेळी कुणी नव्या बॉयलरचं कोटेशन पुढे केलं, तर सही करण्याआधी त्याला एवढंच विचारा: हीटिंगची हाक गेलेली असताना नारिंगी तारेवर वीज होती का? ती असूनही बॉयलर पेटला नसेल तर तो माणूस म्हणतो त्यात तथ्य आहे, बोलणं पुढे चालू द्या. त्याने ती तार तपासलीच नसेल, तर चहा पाजा आणि कोटेशन परत द्या.